तापल्याशिवाय सूर लागत नाही

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलणं बंद. आता कीबोर्डवाल्याने वजन उचलायचं नाही तर करायचं काय? स्टँड, अ‍ॅम्प, केस, वायरींची पिशवी, हाच आमचा अर्धा धंदा. शेवटी पाच सप्तकांचा मोठा कीबोर्ड विकून टाकला आणि ठरवलं, यापुढे एकच छोटा अ‍ॅनालॉग सिंथ. तोच किहीमच्या घरी रेकॉर्डिंगला, तोच कार्यक्रमाला. त्याच सुमारास थळचा एक मुलगा शिकायला यायला लागला. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, यामाहाच्या पीएसआरवर वाढलेला. कोळीगीतातली जागा एकदा ऐकली की त्याच्या बोटांत उतरते. त्यालाही नेमका असाच सिंथ हवा होता. मग दोघांची शोधाशोध सुरू झाली आणि माझं एक जुनं दुखणं वर आलं. अंगठ्याचं नव्हे, सुराचं.

छोट्या सिंथबद्दल लोक विचारतात फिल्टर कसा आहे, बेस किती भरीव आहे, मेमरी आहे का. मी विचारतो, गार हवेत याचं काय होतं? दुकानदाराला हा प्रश्न कळत नाही, कारण दुकानात एसी असतो. इंटरनेटवर पाच-पाच सिंथ ओळीने मांडून तुलना करणारी मंडळीही एसीतच बसलेली असतात. त्यांच्यातल्या एकालाही डिसेंबरात आवासच्या एखाद्या बंगल्याच्या हिरवळीवर उभं केलं, तर पहिल्या तासात त्याची मतं बदलतील.

संध्याकाळी सहाला साउंड चेक होतो. ऊन नुकतंच कललेलं असतं, हवा अजून कोंडलेली. सिंथ अर्धा तास चालू ठेवलेला असतो, आतला बोर्ड नीट तापलेला. गायिकेच्या पट्टीला सा लावला, सूर काढणारे दोन्ही ऑसिलेटर एकमेकांशी बसवले, सगळं कसं जागच्या जागी. मग जेवणं, भाषणं, वधूच्या मामाचा सत्कार. आमची पाळी येते नऊला. तोवर समुद्रावरून वारा सुटलेला असतो, पारा आठ-दहा अंशांनी उतरलेला असतो आणि माझा सिंथ माझा राहिलेला नसतो.

कुणी म्हणेल, फाइन ट्यूनचं बटण आहे ना, फिरवा की. खरी गोम इथेच आहे आणि अर्ध्याअधिक कीबोर्डवाल्यांना ती माहीत नसते. गारव्याने बेंजोच्या तारा आखडतात आणि सगळ्या चढतात, त्या पुन्हा लावता येतात. सिंथमध्ये सूर नुसता सरकत नाही, सप्तकच ताणलं जातं. सप्तकाला एक व्होल्ट हा आपला हिशेब, म्हणजे सेंट या सुराच्या बारीक मापातल्या एका सेंटच्या वाट्याला पुरता एक मिलिव्होल्टही येत नाही. त्या व्होल्टचा सूर करणारी ट्रान्झिस्टरची जोडी उष्णतेला भलती हळवी. काहीच उपाय केला नाही, तर तापमानातल्या एका अंशामागे सप्तकात चार सेंटचा फरक पडतो. दोन सप्तकं वर गेलात की आठ. मधला सा बटणाने आणला जागेवर, तर तार सा चढलेला आणि खर्ज उतरलेला. तार सा सावरावा तर मधला बिघडतो. मी हे बटण केसाच्या अंतराने इकडेतिकडे करत अख्खी गाणी काढली आहेत. उजवा हात वाजवतोय, डावा बटणावर, आणि चेहऱ्यावर हसू.

यावर उपाय नाहीत असं नाही. त्या जोडीला चिकटवून एक रेझिस्टर बसवतात, जो तापमानाबरोबर नेमका तेवढाच बदलतो. पण दोघांना सारखीच ऊब मिळाली तर ते खरं. छोट्या सिंथच्या पेटीत सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं. मांडवातला उभा पंखा एका बाजूने लागला की एक गार आणि दुसरा कोमट. मिनीमूग हा सिंथ आला १९७० मध्ये. त्याच्या नंतरच्या बोर्डांवर ७२६ नावाची एक चिप बसवलेली असे, तिच्या पोटातच हीटर. बाहेर काय वाटेल ते होवो, ती स्वतःला तापवून एका ठरावीक उष्णतेवर ठेवायची. मला हा उपाय फार आवडतो. पण आजच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान सिंथला तो कुठून परवडणार?

उपकरण स्थिर ठेवण्याच्या या विषयात आमच्या तालुक्याला एक मान आहे, हे अलिबागकरांच्याही लक्षात नसतं. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत असत. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं तेव्हा ती मोजमापं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ पासून ते काम अलिबागला सुरू झालं, चुंबकाला न बाधणाऱ्या दगडाच्या इमारतीत. उपकरण हलू नये म्हणून लोक जिथे आले, तिथे मी हलणारं उपकरण घेऊन बसलोय.

तरीही दर वेळी मी हलणाऱ्या सुराकडेच वळतो, आणि त्याचं कारण घरातल्या हेडफोनमध्ये आहे. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून पाच सेंटवर ठेवले की दोनशेवीस हर्ट्‌झच्या सुराला साधारण दीड सेकंदाला एक अशी लाट येते. पुढच्या मिनिटाला ती दीडची पावणेदोन होते, मग सव्वा. कुणी ठरवलेली नसते. लांब सूर धरावा आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते ऐकत बसावं. रेकॉर्डिंगमध्ये मी याच गोष्टीचे पैसे मोजतो. आणि मांडवात नेमकी हीच गोष्ट माझी अब्रू काढते. दोन रोग नाहीत हे, एकच गुण आहे, म्हणून तर 'घरीही चालेल आणि कार्यक्रमालाही' या वाक्यावर माझं घोडं अडतं. बाजाच्या पेटीचा सूर हलत नाही, तिला मींड येत नाही अशी तक्रार करत आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. माझी तक्रार नेमकी उलटी, आणि बंदी घालणारं कुणी नाही.

हलत्या सुराच्या सिंथचा हा हट्ट आपल्याकडे जुना आहे. अहमदाबादच्या एनआयडीत डेव्हिड ट्यूडरने १९६९ मध्ये मूगचा भिंतीएवढा सिंथ उभा केला, त्यावर गीता साराभाईंपासून कितीतरी जणांनी काम केलं. मुंबईत केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आणला. चरणजितसिंगांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ घेऊन दहा रागांची डिस्को तालावरची रेकॉर्ड काढली. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. मला त्यातल्या ३०३ चा सरकता सूर ऐकायला आवडतो, पण माझा कान जातो ज्युपिटरकडे. त्याचे सोळा ऑसिलेटर, आणि ते जुळवायला एक स्वतंत्र बटण. १९८२ मध्ये! स्टुडिओत हे असं थांबून जुळवता येतं. मांडवात 'थांबा जरा, सिंथ जुळवतो' म्हटलं की लोक आइसक्रीमच्या स्टॉलकडे वळतात. तंबोरा जुळवताना मात्र तेच लोक माना डोलवत बसतात, हा पक्षपात मला कधी पटला नाही.

तर आमच्यासमोर दोन नावं उरली. एक कोर्गचा मोनोलॉग. जेमतेम पावणेदोन किलो, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. लाइट गेली तरी वाजतो, आणि आमच्याकडे लाइट जाते. ऑसिलेटर खरेखुरे, व्होल्टेजवरचे. चालू केला की स्वतःला जुळवतो, मधेही बटण दाबून पुन्हा जुळवता येतं, फक्त तेवढा वेळ तो गप्प. स्वरांच्या जागा आपल्या आपण ठरवायची सोयही त्यात आहे. मी आनंदाने एका रागाचा कोमल गंधार सेंट-सेंट मोजून खाली बसवला. मग खिडकी उघडली आणि खारा वारा आत आला. सेंट मोजून बसवलेला गंधार वाऱ्याने आपल्या मताने हलवला.

दुसरा नोव्हेशनचा बास स्टेशन टू. पट्ट्या पूर्ण मापाच्या, पंचवीसच, पण हाताला ओळखीच्या. ऑसिलेटर अ‍ॅनालॉग, पण त्यांच्या कंपनाचा लगाम डिजिटल हातात. सूर हलत नाही. घरी आणून पंख्यासमोर ठेवला, बाहेर ओट्यावर ठेवला, पहाटे पडवीत नेला. ढिम्म. मुलगा खूश झाला. मी ऐकत राहिलो आणि मला जेवण झाल्यासारखं वाटेना. गंमत अशी की या सिंथच्या सॉफ्टवेअरच्या नंतरच्या आवृत्तीत ऑसिलेटरला मुद्दाम थोडं चुकवायची सोय दिली आहे. बेहरिंगरच्या डीपमाइंडमध्येही तसा एक आकडा आहे, सिक्वेन्शियलच्या सिंथमध्ये त्याला 'स्लॉप' म्हणतात. म्हणजे पन्नास वर्षं झगडून घालवलेला दोष आता बटणावर परत मिळतो, आणि जाहिरातीत त्याचंच कौतुक. मी ते बटण थोडं उघडून पाहिलं. सूर हलला, पण कसा, तर नोकरीवर असल्यासारखा.

मुलगा म्हणाला, "काका, पब्लिकला काय कळतंय?"

कळत नाही, मान्य. पण मला कळतं, आणि खरं सांगायचं तर मला कळतं हे लोकांना कळावं असंही मला वाटतं. मी सिंथ नेहमी थोडा प्रेक्षकांकडे कलवून ठेवतो, बटणं दिसावीत म्हणून. मुंबईहून आलेला एखादा दाढीवाला पाहुणा जवळ येऊन "अ‍ॅनालॉग का?" असं विचारतो, तेव्हा माझा पुढचा तास छान जातो. चालू गाण्यात सूर सावरायची कसरत मी कुरकुरत करतो, पण ती कुणी पाहावी अशी इच्छा मनात असतेच. अलिबागकडचा एक कीबोर्डवाला लॅपटॉप घेऊन येतो, त्याचा सूर जन्मात हलत नाही, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. गर्दी मात्र त्याच्याच कार्यक्रमांना असते. त्याबद्दल मला जे वाटतं, त्याला लोक साधारणपणे असूया म्हणतात.

आणि तो तरी निदान वाजवतो. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक लागतात. गायक माइक धरतो, मागे ऑक्टोपॅडवाला चार टाळ्या मारतो, बाकी सगळं पेन ड्राइव्हवर. बेंजो पार्ट्यांमध्येसुद्धा हे शिरलंय. पूर्वी हळदीला एकाच रात्री बेंजोवाल्याचा सूर तीनदा चढायचा आणि कीबोर्डवाला त्याच्यामागून धावायचा. त्या धावपळीत जे वाजायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. हे म्हणताना मी म्हातारा दिसतो हे मला ठाऊक आहे.

एका बाबतीत मात्र मी मुलाला स्वातंत्र्य दिलं नाही. सरकत्या बटणांनी भरलेला सिंथ किहीम-थळच्या हवेत घ्यायचा नाही. स्लायडरला पेटीवर लांब चीर असते. तिच्यातून खारी हवा, बारीक वाळू, सगळं सरळ आतल्या पट्टीवर. दोन पावसाळ्यांत खरखर सुरू होते आणि फिल्टर उघडताना चुलीतलं लाकूड फुटल्यासारखा आवाज येतो. फिरत्या बटणाचा दांडा आपलं भोक बऱ्यापैकी बुजवून असतो. तरी मी सिंथ कपाटात ठेवतो आणि जून ते सप्टेंबर कपाटात लहानसा पिवळा बल्ब जळत ठेवतो. पूर्वी पेटीवाले आणि फोटोग्राफर हेच करायचे. एलईडी नको, त्याला ऊब नसते. असा बल्ब आता चोंढी नाक्यावरही सहज मिळत नाही. दुकानदार एलईडीच पुढे करतो आणि माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहतो.

राहता राहिला अंगठा. मोनोलॉगच्या पट्ट्या बारीक आहेत, आणि सुरुवात होते पांढरी तीनपासून. पेटीवर वाढलेल्या हाताला पहिले काही दिवस जिना चुकल्यासारखं होतं. अंगठा खालून नेताना त्या बारीक पट्टीवर तो वाकडा वळतो आणि मुळाशी कळ येते. ज्या सिंथचा आवाज मला हवा, त्याच्यावर माझा हात बसत नाही. ज्याच्यावर बसतो, त्याचा आवाज मला नको. मुलाची बोटं सडपातळ, त्याला दोन्ही सारखेच.

झालं असं की त्याने बास स्टेशन घेतला आणि मी मोनोलॉग ठेवला. माझं समर्थन तयार आहे: एकसुरी सिंथला अंगठा फारसा लागत नाही, चार बोटांनी भागतं, आणि मींड घ्यायची तर दोनच पुरतात. हे थोडं खरं आहे. त्याने त्याच्या सिंथमधली मुद्दाम चुकवायची सोय शून्यावर ठेवली आहे. तो दरवाजाकडे गेला की मी ती दोनवर नेतो, परत आल्यावर तो काही न बोलता शून्यावर आणतो. यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही.

येत्या शनिवारी सासवण्याला लग्न आहे, हिरवळीवर, दहाला आवाज बंद. दोघांनी वाजवायचं ठरलंय. बेस त्याचा, वरचा सूर माझा. खर्जाला त्याचा सिंथ अढळ राहील आणि वर माझा काय करतो ते पाहू. मांडववाल्याला फोन करून दुपारी चारपासून एक पॉइंट मागून घेतलाय, आणि पंखा माझ्या बाजूला लावू नका म्हणून बजावलंय. तो म्हणाला, साहेब, पंखा पाहुण्यांसाठी आहे.