पानावरून उठल्यावर

पोटभर जेवण झाल्यावर पुन्हां जेवणाविषयींच वाचीत पडावें, ही संवय कोणास विचित्र वाटेल. आम्हांस ती फार दिवसांपासून जडलेली आहे. रात्रीं पानावरून उठावें, हात धुवावे, सुपारीचें खांड तोंडांत टाकावें आणि दिव्याखालीं बसून कोणा अनोळखी मनुष्यानें आपल्या घरच्या पिठल्याविषयीं किंवा मऊ भाताविषयीं लिहिलेलीं चार पानें सावकाश वाचावीं, याहून निर्मळ सुख आम्हांस तरी ठाऊक नाहीं. आमच्या वहिनींस या छंदाचें मोठें नवल वाटतें. "भावोजी, आतांच तर पोटभर जेवलांत, मग पुन्हां कोणाच्या पंक्तीस बसलांत?" असें त्या विचारतात. प्रश्न थट्टेचा खरा. परंतु त्याचें उत्तर देऊं जातां आम्हांस बरेंच खोल जावें लागलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही म्हणतों तीं पाकशास्त्राचीं पुस्तकें नव्हेत. त्या पुस्तकांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. मराठींत अशीं पुस्तकें आज दीडशें वर्षें छापलीं जात आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. पुढें लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र' या ग्रंथानें एक हजार पाकक्रिया गृहिणींच्या हातीं दिल्या. आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली, तिनें तर वाटी-चमच्याचें माप देऊन नव्या संसारांतील कित्येक मुलींची लाज राखली. पण पाकशास्त्राचें पुस्तक पदार्थाविषयीं बोलतें. डाळ किती घ्यावी, पाणी किती घालावें, हें तें सांगेल. परंतु त्या दिवशीं बाहेर पाऊस किती होता, जेवावयास कोण अवचित आलें, आणि फोडणी करपली तेव्हां स्वयंपाकघरांत कोण हंसलें, हें निबंधावांचून कोण सांगणार?

दुसरी गोष्ट अशी, कीं मेजवान्यांचीं वर्णनें आम्हांस फार वेळ वाचवत नाहींत. जिलबी, श्रीखंड, बासुंदी, पुन्हां जिलबी, असा थाट दोन पानें चालला, कीं वाचतां वाचतांच सुस्ती येते. साध्या अन्नाचें तसें नाहीं. मेतकूट, मऊ भात, वर लोणकढें तूप आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड, एवढ्यावर एखाद्यानें दहा पानें लिहिलीं तरी आम्ही अकरावें उलटूं. याचें कारण उघड आहे. मेजवानी आपण केव्हां तरी जेवतों. भात-आमटी रोज जेवतों, आणि रोजच्या गोष्टीविषयीं प्रत्येकाचें कांहीं ठाम मत असतें. लेखक आमटींत गूळ घालूं लागला, कीं वाचणारा मनांतल्या मनांत म्हणतो, 'अहो, इतका कशाला?' आमच्या घरांत तर हा वाद तीन पिढ्यांचा आहे. सून येते ती आपल्या माहेरची आमटी घेऊन येते. कोणी कोंकणांतून येते आणि ओलें खोबरें मागते. कोणी घाटावरून येते आणि तिखटाचा हात सैल सोडते. वर्षभर दोन आमट्यांची मूक लढाई चालते आणि शेवटीं जी तिसरीच आमटी निपजते, ती त्या घराची. घरगुती स्वयंपाकावरील निबंध वाचणें म्हणजे शेजारच्या घरांतील ही लढाई खिडकींतून पाहणें होय.

शिवाय चांगला लेखक 'कां' तें सांगतो. चिंच नेहमीं डाळ शिजल्यावरच घालावी, असें आम्हीं लहानपणापासून ऐकलें होतें; तें सोंवळ्याओंवळ्यासारखें एक व्रत असावें अशी आमची समजूत होती. आंबटामुळें डाळ लवकर मऊ होत नाहीं, हें साधें कारण पुढें वाचनांतून कळलें. मोहरी तापलेल्या तेलांत तडतडते, ती तिच्या पोटांतील ओलाव्याची वाफ होऊन साल फुटतें म्हणून, हेंही असेंच कळलें. अशीं कारणें समजलीं म्हणजे घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांच्या आज्ञांमागें किती सूक्ष्म पाहणी होती, तें ध्यानांत येतें.

हें सुख आपल्याच भाषेंत आहे असें नाहीं. लॉरी कोल्विन ही अमेरिकन कादंबरीकार तरुणपणीं न्यूयॉर्क शहरांत एका लहानशा खोलींत एकटी राहत असे. स्वयंपाकघर असें नव्हतेंच. दोन तोंडांची विजेची शेगडी आणि भांडीं घांसावयास न्हाणींतला टब. तेथें ती वारंवार काय शिजवी, तर वांगें! 'होम कुकिंग' हा तिचा निबंधसंग्रह १९८८ सालीं निघाला. १९९२ सालीं, अवघ्या ४८ व्या वर्षीं, ती वारली. तिच्या वांग्याला आमच्या भरल्या वांग्याची सर नाहीं, असें वाचतांना आम्हांस वाटलें, हें कबूल करतों. तरी एकटें मनुष्यही आपल्यापुरतें प्रेमानें रांधून जेवूं शकतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तिनेंच प्रथम दाखविलें. तिच्याही पूर्वी, १९४२ सालीं, महायुद्धाच्या ऐन टंचाईंत एम्. एफ्. के. फिशर या बाईंनीं 'लांडगा कसा शिजवावा' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहिलें. इंग्रजींत दाराशीं आलेला लांडगा म्हणजे उपासमार. थोडक्या शिध्यांतही मनुष्यानें मनुष्यासारखें कसें जेवावें, हा त्या पुस्तकाचा विषय.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सोंवळ्याचे जाच, पाहुण्यांची रीघ आणि संसारांतील ओढाताण हीं सर्व हंसत हंसत सांगितलेलीं आहेत. १९७५ सालीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणें बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत यांनींच 'खमंग' हें खाद्यपदार्थांवरील पुस्तकही लिहिलें. विदुषीची लेखणी चुलीपाशीं गेली म्हणून बाटत नाहीं, याचा याहून चांगला दाखला कोणता?

हें सर्व वाचून गेल्या वर्षीं आम्हांसही लिहिण्याची हुक्की आली. विषय ठरलेलाच होता: आमच्या कैलासवासी काकूंच्या हातची पातळ आमटी. तशी आमटी आम्हीं पुन्हां कोठें खाल्ली नाहीं. १९७२ च्या सुमारास आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतों. भातावर ओतली, कीं ती पानाच्या कडेपर्यंत धांवे. आम्ही मुलें भाताचे बांध घालून ती अडवीत असूं. चिंचगुळाचा वास, वर तरंगणारीं कढिलिंबाचीं दोन पानें, आणि वाटी तोंडाला लावून घेतलेला शेवटचा घोट! आम्हीं दोन पानें झरझर लिहिलीं. पातळ आमटी करणें ही एक कला आहे आणि ती काकूंबरोबर गेली, अशा अर्थाचा एक परिच्छेदही बरा साधला. मग कृति विचारावी म्हणून वहिनींकडे गेलों आणि लिहिलेलें त्यांस वाचून दाखविलें.

वहिनी तांदूळ निवडीत होत्या. त्या पुष्कळ वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी, ती कला नव्हती. तें दुष्काळाचें वर्ष होतें."

वहिनी त्याच वर्षीं सून म्हणून आमच्या घरांत आलेल्या. १९७२ चा तो महाराष्ट्रांतील मोठा दुष्काळ. शिधापत्रिकेवर परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे, एवढें आम्हांसही आठवत होतें. पण घरांत माणसें पंधरा आणि डब्यांत डाळ किती, हें मुलांस कोण सांगणार? काकू डाळ मुठीनें मोजीत. पूर्वीं पांच मुठी घालीत, तेथें त्या तीन घालूं लागल्या. उरलेली उणीव पाण्यानें भरून काढीत, चमचाभर डाळीचें पीठ कालवून लावीत, आणि पाणचटपणा कळूं नये म्हणून चिंच-गूळ अंमळ चढ्या हातानें घालीत.

"आणि तुम्ही मुलें 'काकू, आणखी वाढा' म्हणून ओरडत असां," वहिनी म्हणाल्या. "सर्वांचीं जेवणें झाल्यावर आम्ही दोघी बसत असूं. पातेल्यांत कधीं आमटी असे, कधीं नसे. नसली म्हणजे काकू भातावर ताक घेत आणि म्हणत, 'मला मुळीं आमटी आवडतच नाहीं.' मी घरांत नवी. मला तें खरेंच वाटे."

आम्हांस तें पन्नास वर्षें खरें वाटत आलें होतें. काकूंस आमटी आवडत नाहीं, ही आमच्या घरांत सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट होती. त्यांच्या श्राद्धाच्या दिवशीं सुद्धां कोणी तरी ती कौतुकानें सांगत असे.

आम्हीं तो साधलेला परिच्छेद फाडून टाकला. मग कित्येक दिवस मनांत येई, कीं आमचें हें वाचनाचें सुख खोटें तर नव्हे? अन्नावर लिहिणारे बहुधा आमच्यासारखे, जेवून पानावरून उठलेले. जे रांधतात, वाढतात आणि उरलेलें खातात, त्यांस लिहावयास सवड कोठें? पण याच कारणासाठीं रांधणाऱ्या हातांनीं लिहिलेलीं पानें निराळीं लागतात, हेंही तेव्हां उमगलें. छंद आमचा सुटला नाहीं. मात्र आतां वाचतांना एक प्रश्न मनांत उभा राहतो: या पंक्तींत शेवटीं कोण जेवलें, आणि त्याच्या पानांत काय पडलें? ज्या निबंधांत याचें उत्तर सांपडतें, त्याची चव आमच्या जिभेवर अधिक वेळ टिकते.

पुढें आम्हीं वहिनींस एक कोरी वही आणून दिली आणि आठवेल तें लिहून ठेवण्याची विनंति केली. त्या म्हणाल्या, "मी सांगेन, लिहा तुम्ही. पण एक अट आहे. ज्या दिवशीं सांगेन, त्या दिवशीं मी पहिल्या पंक्तीस बसणार आणि वाढणार तुम्ही." अट मान्य करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आज वही निम्मी भरली आहे. पहिलें पान त्या पातळ आमटीचें असून त्यावर 'डाळ तीन मुठी, माणसें पंधरा' असें माप वहिनींनीं आवर्जून घालावयास लावलें. चिंच मागाहून घालावयाची, हें त्यांनीं दोनदां सांगितलें.

वाढणें हें वाचण्याइतकें सोपें नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आमटी पानाबाहेर सांडते, भाताचा अंदाज चुकतो, आणि मुलें हंसतात. परवां सर्वांस वाढून आम्ही पानावर बसलों, तेव्हां पातेल्याच्या तळाशीं दोनच पळ्या आमटी उरली होती. ती आम्हीं भातावर घेतली. वहिनी हात धुऊन येत होत्या. त्यांनीं पातेल्याकडे पाहिलें, आमच्या पानाकडे पाहिलें आणि विचारलें, "भावोजी, आमटी आवडते ना?"

"फार आवडते," असें आम्हीं सर्वांस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें सांगितलें.