गौताळ्याच्या रानात पैठणकरांचे दान

वर्षावासात गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. त्याच दिवसांत चकलांब्याच्या उपासक-उपासिकांनी मुलाबाळांसह गौताळा-औट्रम घाट अभयारण्याची सहल काढावी, असे आमचे सांगणे आहे. दसरा झाला की आपल्या भागातली कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात, मग सहलीला जाणार कोण? भादव्यात रान हिरवे असते, धबधबे वाहत असतात आणि माणसे घरी असतात.

गेवराईहून छत्रपती संभाजीनगर, तेथून कन्नड असा रस्ता. कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत सातमाळ्याच्या डोंगरावर सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. बिबट्या, अस्वल, लांडगा, नीलगाय येथे आहेत. मार्च २०२१ मध्ये तर टिपेश्वरच्या रानातून शेकडो मैल चालत आलेला एक वाघ येथील कॅमेऱ्यात दिसला. आपल्याला वाघ दिसेल अशी आशा धरू नये. पण गाणी वाजवीत, आरडाओरड करीत गेलो तर मोरसुद्धा दिसणार नाही.

बहुतेक लोक धबधबा पाहून, डबे खाऊन परततात. आपण तसे करू नये. याच रानात, खोल दरीच्या कड्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांहून जुनी. अशा लेण्यांना ‘पांडवांची’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे खोड आहे. येथे तर दात्यांची नावेच दगडात कोरलेली आहेत. चैत्यगृहातला एक खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, मितदेव नावाच्या गांधिकाच्या कुळाचे दान आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. पैठण म्हणजे आपले शेजार, आठवड्याला जाण्या-येण्याचे गाव. त्या गोदाकाठच्या माणसांनी, राजाने नव्हे, घरच्या कमाईतून हे खांब उभे केले. शेजारच्या विहाराच्या लेखात राजवैद्य मगिलाची मुलगी दत्ता हिचेही दान नोंदलेले आहे. आपल्या मुलींना ते नाव जरूर वाचून दाखवावे. विहाराच्या जोत्यावर ओळीने हत्ती कोरले आहेत आणि दाराशी भालाईत द्वारपाल आहेत. जवळच पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या तोंडातून पाणी पडावे म्हणून आतून नळी खोदली आहे. पोरे तिथून हलत नाहीत.

चैत्यात बसून त्रिसरण-पंचशील घ्यावे. मेणबत्ती, अगरबत्ती मात्र लावू नये. खांबांवर अजून जुनी चित्रे आहेत, धुराने ती काळवंडतात. उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हाताला धरावे. ओढ्याला पाणी फार असेल तर पलीकडे जाण्याचा हट्ट नको, अलीकडूनच वंदन करून वर यावे.