वरून ओतलेलं पाणी

आमच्या आईला पंचक्रोशीत नावानं कुणी ओळखत नव्हतं. ती ‘बायबलबाई’. शेवगाव तालुक्यातली सात-आठ गावं ती पायी फिरायची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत योहानाच्या शुभवर्तमानाची चार-पाच पातळ पुस्तकं, ‘उपासना संगीत’, झांजांची जोडी आणि फडक्यात बांधलेली भाकर. पुस्तक फुकट देत नसे, दहा पैसे घ्यायची. “फुकटचा कागद चुलीत जातो,” म्हणायची. शनिवारी माझी शाळा सकाळची. दुपारी ती मला सोबतीला घ्यायची. सोबत कसली, कुत्री हाकायला!

बायबलबाई म्हणजे दारोदार जाऊन बाटवणारी, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मी जे पाहिलं ते एवढंच, की आई निम्मा वेळ नुसती ऐकायची. बायका शेंगा फोडत, गोधडीला टाके घालत बसलेल्या असायच्या, त्यांच्यात ती बसायची. त्यांच्यात म्हणजे ओट्याच्या खाली. आम्ही मूळचे महारवाड्यातले, पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलो. देव बदलला तरी गावाच्या लेखी ओट्याची पायरी काही बदलली नव्हती. आई टिळकांची भजनं म्हणायची. चाली अभंगाच्या, त्यामुळं बायकांच्या माना आपोआप हलायच्या. सासवा मात्र आतून खाकरायच्या.

एका गावात मोठ्या वाड्यातल्या वैनी होत्या. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मळ्यातल्या विहिरीत बुडून गेला होता. तेव्हापासून त्यांनी एक ठिकाण सोडलं नव्हतं. मढीला कानिफनाथाकडं जाऊन आल्या, मोहटादेवीला खेटे घातले, पैठणला जाऊन आल्या. कुणी सांगितलं पोर पुन्हा तुमच्याच पोटी येईल, कुणी सांगितलं मागल्या जन्मीचं देणं होतं ते फिटलं, कुणी सांगितलं त्याला मोक्ष मिळाला. अंगारे, दोरे, उपास सगळं झालं. दिसायला इतक्या वाळल्या होत्या की पाटल्या कोपरापर्यंत चढायच्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी आईला विचारलं, “बाई, तुमच्या पुस्तकात लिव्हलंय का, माझं लेकरू कुठं हाये?”

मला वाटलं आता आई स्वर्गाचं सांगणार. रविवारच्या शाळेत आम्हाला तेच शिकवलेलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “वैनी, मला ठाऊक नाही.” आणि रडायलाच लागली. माझा एक भाऊ गोवरानं गेला होता, तो मी पाहिलेला नाही. त्या दिवशी पुस्तक पिशवीतून बाहेर निघालंच नाही. परत येताना मला तिचा रागच आला होता. एवढं चार मैल चालून काय सांगितलं, तर ठाऊक नाही!

पण पुढच्या शनिवारी वैनी वाट बघत होत्या.

त्यांना वाचायला येत नव्हतं. आई अंगणातल्या मातीत काडीनं अक्षरं काढायची आणि वैनी ओट्यावरून वाकून बघायच्या. चार महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत आल्या. तहान लागली की वैनी तांब्या घेऊन यायच्या, आम्ही ओंजळ धरायची, त्या वरून ओतायच्या. त्यात त्यांना काही वाटत नव्हतं, आम्हालाही सवयीचं होतं. प्रभूचं सगळं ऐकून घेणारी बाई पाणी मात्र वरून ओतते, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. आज वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांनीसुद्धा नवरा ख्रिस्ती झाल्यावर कितीतरी दिवस आपलं सोवळं वेगळं ठेवलं होतं. ते काही एका दिवसात जाणारं नव्हे.

एके दिवशी आईनं योहानाचा चौथा अध्याय काढला. दुपारच्या वेळी येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. शोमरोनातली एक बाई पाण्याला येते आणि तो तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. ती म्हणते, तुम्ही यहूदी, मी शोमरोनी, आपला व्यवहार नाही, आणि माझ्याकडं पाणी कसं मागता? एवढं वाचून आई थांबली. मुद्दाम थांबली असेल का? मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, “घसा कोरडा पडला होता.”

वैनी पाणी आणायला उठल्या नाहीत. विहीर म्हटल्यावर त्यांना त्यांची विहीर आठवली असेल, असंच मला वाटलं. पण पुढच्या खेपेला त्यांनी आम्हाला परड्यात नेलं आणि भरलेला तांब्या आईच्या हातात दिला. आईचे हात थरथरत होते. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

सासूबाईंनी ते पाहिलं. तांब्या त्यांनी जाळावर धरून शेकून घेतला, राखेनं घासला, आणि आमचं वाड्यात येणं बंद झालं. “आमच्या सुनंला बाटवाया निघाली,” असं गावभर झालं. दोन महिने त्या गावाची वाटच आई चालली नाही.

दर महिन्याला तिला कागदावर हिशेब द्यावा लागे. गावं किती, ऐकणारे किती, पुस्तकं किती खपली, आणि शेवटी, बाप्तिस्म्याला तयार किती. त्या रकान्यात आई बहुतेक वेळा शून्य घालायची. त्यावरून बोलणी खायची. वैनींचं नाव मात्र तिनं कधीच लिहिलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वाडे, वस्त्या, सगळेच खडी फोडायला. रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर दिवस काढले. रस्त्याच्या कामावर वैनी आमच्याच टोळीत आल्या. पाण्याच्या टिपाला एकच डबडं होतं आणि सगळे त्यानंच प्यायचे. सासूबाईही. दुपारी बाभळीखाली वैनी आपण होऊन पुस्तक काढायच्या, अक्षराला बोट लावून वाचायच्या. आजूबाजूच्या चार बायका कान देत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वैनी ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढं माळ घालून पंढरीची वारी करू लागल्या. योहानाचं ते पुस्तक देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकू लावलेलं. आईला हे आवडलं नाही, खोटं कशाला सांगू! रात्रीच्या प्रार्थनेत ती शेवटपर्यंत त्यांचं नाव घेत होती.

आई गेली तेव्हा वैनी आल्या होत्या. कबरस्तानाच्या कडेला पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. माती टाकायला पुढं आल्या नाहीत. वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेले. वाडा निम्मा पडलेला, सासूबाई कधीच गेलेल्या. मला त्यांनी ओट्यावर, आपल्या शेजारी बसवलं.

“तुझ्या आयनं मला कवाच सांगितलं न्हाई बघ,” त्या म्हणाल्या, “माझं पोरगं कुठं हाये ते.”

“तिला माहीत नव्हतं, वैनी.”

“तेच म्हनते मी. बाकी समद्यांना ठावं हुतं.”

मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.