एकच वस्तू आहे हो!

मराठी माणूस दिवसातून किती वेळा खोटं बोलतो माहीत नाही, पण सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरपाशी एकदा तरी हमखास बोलतो. "एकच वस्तू आहे हो, जरा पुढे जाऊ का?" असं म्हणणाऱ्याच्या हातात ब्रेड असतो, काखेत मॅगीचं मोठं पाकीट असतं आणि मागून बायको ट्रॉली ढकलत येत असते. त्या ट्रॉलीत पाच किलोची आट्याची पिशवी, तेलाचा कॅन आणि महिन्याची साबणं! आपण मान डोलावलेली असते, त्यामुळे आता बोलायची सोय नाही. गप्प बसायचं आणि ऑफरचा बोर्ड वाचायचा.

या रांगांमध्ये इतकी वर्षं उभी राहिल्यावर माणसांचे काही प्रकार माझ्या पाठच झाले आहेत. पहिला अर्थातच वरचा, 'एकच वस्तू'वाला. दुसरे 'जागा धरणारे'. हे बास्केट रांगेत ठेवून "एक मिनिटात आले हं" म्हणून जे जातात ते थेट आपला नंबर आल्यावर उगवतात. तिसरं जोडपं. नवरा एका रांगेत, बायको दुसरीत, आणि ज्याचा नंबर आधी लागेल तिकडे दुसऱ्याने सगळ्यांच्या अंगावरून सामानासकट स्थलांतर करायचं. चौथे ट्रॉलीवाले. हे तोंडाने काही बोलत नाहीत, फक्त दर दीड मिनिटाने आपल्या टाचेवर ट्रॉली आपटतात. पाचवे सुस्कारे सोडणारे. आणि सहावे, काउंटरवरच्या मुलीवर ओरडणारे, "अजून दोन काउंटर बंद का आहेत?" जणू काही ते तिनेच बंद करून चावी पर्समध्ये घातली आहे!

गंमत म्हणजे हीच माणसं बाहेर रिक्षात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या गणपतीत चांगली वागतात. मग इथेच काय होतं?

आता म्हणाल, आपल्याला रांगेची सवयच नाही. मला नाही पटत. ज्यांनी रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना विचारा. आमच्या लहानपणी माणसांऐवजी डबे रांगेत उभे असायचे. डबा म्हणजे माणूस, त्याला कुणी हात लावायचा नाही. मुंबईत बसस्टॉपवर लोक आपसूक एकामागे एक उभे राहायचे, त्याचं पुणेकरांना कोण कौतुक! (मनातल्या मनात, अर्थात.) अगदी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये किराणा दुकानांबाहेर खडूने गोल आखले होते, आठवतं? भर उन्हात माणसं त्या गोलात शहाण्यासारखी उभी होती. म्हणजे रांग आपल्याला येते. आपली जागा डोळ्यांना दिसत असली आणि ती कुणी घेणार नाही याची खात्री असली की येते.

आणि वाण्याच्या दुकानात तर रांगच नसायची. फळीपाशी नुसता घोळका. पण वाण्याला बरोब्बर माहीत असायचं कोण कधी आलंय ते. "थांबा साहेब, वहिनी आधीच्या आहेत" असं तो तूरडाळ तोलता तोलता, मान वर न करता सांगायचा. भांडण व्हायच्या आधीच निकाल! शिवाय वाट पाहणं वेगळं असं काही नव्हतंच. यादी सांगायची, तो काढायचा, मध्ये मुलाच्या परीक्षेची चौकशी, मध्ये गूळ चाखून बघायचा. वीस मिनिटं जायची, पण ती 'थांबलो' अशी वाटायची नाहीत.

हातात टोपली घेऊन आपलं आपण सामान घ्यायचं ही पद्धत १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या 'पिगली विगली' नावाच्या दुकानाने रुजवली. सोयीचीच आहे, मला आवडतेही. पण तिच्यामुळे एक झालं. सगळी वाट पाहण्याची वेळ एकत्र गोळा होऊन दाराशी आली. म्हणजे आपलं काम आपल्या मते संपलेलं असतं, मन घरी पोचलेलं असतं, आणि तिथे आपल्याला थांबवतात. आणि वाण्याची ती "वहिनी आधीच्या आहेत" म्हणणारी नजर तिथे नसते. काउंटरवरच्या मुलीला पट्ट्यावरचं सामान दिसतं, मागची रांग नाही. मग न्याय कोण करणार? आपणच, एकमेकांचा!

डेव्हिड माइस्टर नावाच्या एका प्राध्यापकांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला होता, तो या विषयात अजून वाचला जातो. त्यांचं म्हणणं साधं आहे. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, का थांबलोय ते कळलं नाही तर अजून लांब वाटतो, आणि अन्यायाने थांबावं लागलं तर सगळ्यात लांब. म्हणजे आपण मिनिटांवर चिडत नाही, कुणीतरी आपल्याला डावललं यावर चिडतो.

"शेजारची रांगच नेहमी पुढे सरकते" हेही नशीब नाही हो, साधं गणित आहे. तीन काउंटर आहेत असं धरा. तिन्ही सारख्याच वेगाची असली तरी तुमची रांग सगळ्यात आधी पुढे जाण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे दर तीनपैकी दोन वेळा दुसरी कुठली तरी रांग तुमच्या पुढे जाणार! यावर उपायही जुना आहे. सगळ्यांची मिळून एकच रांग करायची आणि जो काउंटर रिकामा होईल तिथे पुढच्याने जायचं. बँकेत टोकन देतात ते हेच. यात नंतर आलेला आधी जाऊच शकत नाही. पण त्याला जागा लागते, आणि दुकानात ती जागा बिस्किटांच्या ढिगाला दिलेली असते.

आता घुसखोरीबद्दल. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम घुसायला पाठवलं होतं. हा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच माणूस घुसला तर साधारण निम्म्या रांगांमध्येच कुणीतरी हरकत घेतली. बाकीच्या ठिकाणी सगळे गप्प! म्हणजे "एकच वस्तू"वाल्याला मान डोलावणारे आपण काही एकटे भित्रे नाही. मला वाचून फार बरं वाटलं.

पण रांगेत एक गोष्ट मात्र कायम होते. घुसणाऱ्याला कुणी बोलत नाही, बंद काउंटरच्या मालकाला तर कुणी बोलूच शकत नाही, तो तिथे नसतोच. मग तो सगळा राग साठतो आणि पडतो कुणावर? जो सगळ्यात सावकाश आहे त्याच्यावर.

इथे मला माझ्या आईबद्दल लिहायचं आहे. (नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांनी तिला लगेच फोन करून विचारू नये, ही विनंती!)

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कोथरूडमध्ये एकटी राहते. बाबा गेल्यापासून मंगळवारची खरेदी हा तिचा ठरलेला कार्यक्रम होता. इस्त्रीची साडी, कापडी पिशवी, पर्समध्ये छोटी पर्स, त्यात घडी घातलेल्या नोटा आणि सुट्टे वेगळ्या कप्प्यात. खरं तर आणायचं काय, तर अर्धा किलो रवा आणि एक उदबत्तीचा पुडा. पण त्यानिमित्ताने तास दीड तास जायचा, चार माणसं दिसायची.

मागच्या वर्षी कधीतरी ती जाईनाशी झाली. वॉचमनकडे यादी द्यायला लागली. कारण विचारलं तर "गुडघे". मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली. पण मग लक्षात आलं, दुकानाच्या दुप्पट लांब असलेल्या मारुतीला ती रोज चालत जाते. म्हणजे गुडघे दुकानाच्याच रस्त्यावर दुखत होते.

खूप खोदून विचारल्यावर एक दिवस म्हणाली, "अगं, मला त्या मागच्यांचे डोळे पाठीला टोचतात."

मग हळूहळू बाहेर पडलं. मोबाईल नंबर सांगा म्हटल्यावर तिला तो पटकन आठवत नाही, तेव्हा मागचा सुस्कारा. सुट्टे मोजताना एक नाणं खाली पडलं तर मागून, "काकू, घरपोच मागवत जा ना, आजकाल सगळं मिळतं!" एकाने तर तिचं सामान पट्ट्यावर असतानाच आपली बास्केट वर ठेवली. कुणी शिवी दिली नाही, धक्का दिला नाही. तक्रार करावी असं काहीच घडलं नाही. फक्त एका माणसाचं घराबाहेर पडणं कमी झालं.

त्या मागच्या लोकांना मी राक्षस म्हणणार नाही. त्यातल्या कुणाला पाळणाघरातून मूल न्यायचं असेल, कुणाची जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असेल. पण तोच माणूस स्वतःचा नंबर आल्यावर फोन हवेत धरून "नेटवर्क नाहीये" म्हणत तीन वेळा स्कॅन करतो, तेव्हा त्याच्या पाठीला कुणाचे डोळे टोचत नाहीत. तंत्रज्ञानामुळे लागलेला उशीर हा उशीर नसतो, म्हातारपणामुळे लागलेला असतो!

नेदरलँड्समध्ये 'जम्बो' या दुकानांच्या साखळीने २०१९ मध्ये एक गप्पांचं काउंटर सुरू केलं. ज्यांना घाई नाही आणि दोन शब्द बोलायचे आहेत त्यांनी तिकडे जायचं. एकटेपणाविरुद्धच्या मोहिमेचा तो भाग होता, आणि २०२१ मध्ये त्यांनी ते २०० दुकानांपर्यंत वाढवायचं ठरवलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे पूर्वी वाणी नव्हता वाटतं!"

तिने स्वतःच एक युक्ती काढली आहे. आता ती परत जाते, मंगळवारीच. रांगेत उभी राहिली की मागे वळून सांगते, "माझ्याकडे रोख पैसे आहेत, मोजायला वेळ लागतो, तुम्हाला घाई असली तर पुढे जा." आणि दहातले आठ लोक म्हणतात, "नाही नाही आजी, होऊ द्या सावकाश." तीच माणसं, तोच उशीर!

याचंही शास्त्र आहे म्हणे. एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये झेरॉक्स मशीनपाशी एक प्रयोग केला होता. पाच पानांसाठी नुसतं "आधी मी करू का" विचारलं तर ६० टक्के लोक हो म्हणाले, घाईत आहे असं कारण सांगितलं तर ९४ टक्के. कारण अगदीच फुसकं असलं तरी जवळपास तेवढेच. पण पानं वीस असली तर फुसकं कारण चाललं नाही. (एकच वस्तूवाल्यांनी नोंद घ्यावी!) दोन शब्द बोललं की समोरची पाठ माणूस होते, इतकंच मला त्यातून कळतं.

मला आईच्या युक्तीचं कौतुक आहे, पण ती सांगते तेव्हा आत कुठेतरी लागतंही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपलेच पैसे आपणच मोजायला तिने अनोळखी माणसांची परवानगी का मागावी? तिने मागे वळण्याआधी मागच्याने "होऊ द्या सावकाश" म्हटलं तर? त्याला एक सेकंद लागतो. आणि कुणी घुसलं तर वाण्यासारखं, आवाज न चढवता, "त्या आधीच्या आहेत" एवढं म्हणायला दोन. काउंटर किती उघडे ठेवायचे ते आपल्या हातात नाही, पण हे तीन सेकंद आहेत ना.

असो. उद्या पहिला शनिवार, सगळ्यांचे पगार झालेले, सगळ्यांच्या याद्या तयार. रांगा पार तांदळाच्या पोत्यांपर्यंत जाणार आहेत. माझं सामान फार नाही हं... खरंच एकच वस्तू आहे!