तीन सेकंदांचा ढग

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरलेलं, मी केलेलं स्टिकर म्हणजे एक म्हातारा. डोक्याला पांढरा रुमाल, पांढऱ्या मिशा, भुवईवर आडवा धरलेला हात. वर बघतो. डावीकडून एक ढग येतो, म्हाताऱ्याच्या डोक्यावरून सरकतो आणि उजवीकडं निघून जातो. ढगाबरोबर म्हाताऱ्याची मान फिरते. मग तो खाली बघतो, हात तसाच, आणि पुन्हा मान डावीकडं. तीन सेकंदांत सगळं संपतं आणि परत पहिल्यापासून सुरू होतं.

2023 च्या ऑगस्टात या म्हाताऱ्याला उसंत नव्हती. देशात पावसाच्या नोंदी 1901 पासूनच्या आहेत, त्यातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलाशेंगांवर आलेलं, आणि वर नुसता वारा. रोज सकाळी कुणी चाकणहून, कुणी हैदराबादहून विचारायचं, "पडला का?" गावातून शब्दानं कुणी उत्तर देईना. म्हातारा यायचा. एकाखाली एक, पाच-सहा म्हातारे, सगळे वर बघणारे, सगळ्यांचे ढग निघून जाणारे.

मी रेणापूरचा. लातूरहून अंबाजोगाईकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावा, सगळ्यांचे बोर्ड मीच करतो. कोरल आणि फोटोशॉपवर हात चालतो तो या धंद्यामुळं. खरं चित्र काढता येतं ते वडिलांमुळं. अण्णा पेंटर. तालुक्यातल्या किती शाळांच्या भिंती, किती किराणा दुकानांच्या पाट्या आणि किती ट्रॉल्यांचे फाळके त्यांनी रंगवले, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नाही. फ्लेक्स आलं आणि त्यांचे ब्रश डब्यात गेले. ते आणणारा मीच, त्यामुळं घरात या विषयावर फार बोलणं होत नाही.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, सत्कार थांबले, दुकान बंद. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं हलणारी स्टिकरं आणली. साधी स्टिकरं 2018 पासून होती आणि त्याच्याही आधी हाइक नावाच्या आपल्या देशी ॲपवर मराठी स्टिकरं मिळायची. 2012 मध्ये सुरू झालेलं ते ॲप 2021 च्या जानेवारीत बंद पडलं. त्या स्टिकरांतली माणसं मला कायम पुण्या-मुंबईची वाटायची. बोलायची मराठीच, पण उभी राहायची तशी आमच्याकडं कुणी उभं राहत नाही.

आणि इमोजीतले पिवळे चेहरे तर नुसते चेहरेच. जपानच्या शिगेताका कुरितानं 1999 मध्ये डोकोमो कंपनीच्या फोनसाठी 176 चित्रं केली, प्रत्येक आडवे बारा आणि उभे बारा ठिपके एवढ्या जागेत. त्यात ऊन होतं, ढग होता, छत्री होती, बर्फाचा माणूसही होता. एवढ्याशा ठिपक्यांत त्यानं जे बसवलं त्याला तोड नाही. पण पाऊस न येणं त्यात कुठून असणार? आणि आमच्याकडचं निम्मं बोलणं हातानं, खांद्यानं आणि मानेनं होतं. पारावर बसलेल्या माणसाचं तोंड झाकलं तरी तो हो म्हणतोय की नाही, ते वीस पावलांवरून कळतं.

म्हणून ठरवलं, आपली माणसं काढायची. कागदावर, पेननं. संगणकावर थेट काढायला ड्रॉइंग टॅब लागतो, तो माझ्याकडं नव्हता. आणि कागदावरच्या रेघेत जो जिवंतपणा येतो तो काचेवर येत नाही, असं माझं अजूनही मत आहे. दुकानातल्या जुन्या काउंटरची काच दोन विटांवर ठेवली, खाली एलईडीचा दिवा. वरून कागद. खालच्या कागदावरचं चित्र पुसट दिसतं, त्याच्यावरून पुढचं चित्र तसूभर हलवून काढायचं. कागद हलू नयेत म्हणून पंचिंग मशीननं भोकं पाडून ती काचेला चिकटवलेल्या दोन खुंट्यांत अडकवायची. मग स्कॅन, मग पांढरा भाग उडवणं, मग एकामागं एक लावणं.

सिनेमाला सेकंदाला 24 चित्रं लागतात. हातानं काढणारे लोक प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे 12 वर भागतं. तीन सेकंदांना 36. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, तिथपासून आजपर्यंत या धंद्यात बसण्याची चिकाटी सोडून नवीन काही आलेलं नाही.

पहिलं केलं तंबाखू मळणारा. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरतो, दोन थापा पडतात, पुन्हा अंगठा. तंबाखू ओठात ठेवायची मात्र नाही. ठेवली तर पुढच्या फेरीला तळव्यावर परत कुठून येणार? म्हणजे हा माणूस जन्मभर मळतच राहतो, आणि तेच लोकांना पटलं. ग्रुपवर देवीच्या जत्रेची वर्गणी निघाली की विचारणाऱ्याला उत्तर म्हणून आधी हा येतो. एका निवृत्त गुरुजींनी, लहान पोरं ग्रुप बघतात, असं बजावलं. त्यांचं बरोबरच होतं. पुढं मी शेंगा फोडणारा एक केला, पण मळणाऱ्याची जागा त्याला मिळाली नाही.

खरं शिक्षण झालं ते टॉवेलवर. आमच्याकडं माणूस वैतागून उठला की खांद्यावरचा टॉवेल काढतो, एकदा झटकतो, परत खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. बोलणं संपलं. हे काढायला सोपं वाटतं. मी हात काढला, टॉवेल काढला, दोन्ही बरोबर हलवले, तर माणूस पत्रा हलवतोय असं दिसलं. अण्णा मागं उभे होते. बऱ्याच दिवसांनी माझ्या कामात त्यांनी तोंड घातलं.

"हात थांबला की टॉवेल थांबतो व्हय?"

त्यांनी स्वतःचा टॉवेल काढून झटकून दाखवला. हात थांबल्यावरही टॉवेलचं टोक पुढं जातं, मग परत येतं, मग लोंबतं. मी फोनवर चित्रण घेतलं आणि एकेक चौकट थांबवून बघितली. हात निघताना हळू असतो, मध्ये एकदम जोरात आणि शेवटाला परत हळू. म्हणजे टोकाची चित्रं जवळजवळ आणि मधली लांब लांब.

त्याहून मोठी गोष्ट पुढं कळली. हात वर गेल्यावर तिथं किती वेळ थांबतो, त्यावर सगळा अर्थ आहे. एक चित्र थांबला तर गंमत. तीन चित्रं थांबला तर राग. सहा थांबला तर हा माणूस आता परत यायचा नाही. चेहरा तोच, रेघ तीच. मी तिन्ही करून अण्णांना दाखवले आणि त्यांनी न सांगता तिन्ही ओळखले. तेव्हापासून मी चित्र काढण्यापेक्षा थांबण्याचा हिशेब जास्त करतो. कपाळाला हात मारणं, पदर तोंडाला लावून हसणं, 'चल बघू' म्हणून बोटं हलवणं, सगळ्यांत कस आहे तो थांबण्यात.

"खाली काहीतरी लिही की," असं ग्रुपवरचे बरेच म्हणायचे. मी लिहिलं नाही. शि. द. फडणीसांची बिनशब्दांची चित्रं दिवाळी अंकांतून कापून अण्णांनी एका वहीत चिकटवून ठेवलीत, ती मी लहानपणी पाठ केलीत. लिहिलं की लोक वाचतात आणि बघायचं सोडतात.

तांत्रिक कटकटी भरपूर. स्टिकर 512 बाय 512 पिक्सेलचं लागतं, हलणारं असेल तर 500 केबीच्या आत, आणि एका पॅकमध्ये कमीत कमी तीन, जास्तीत जास्त तीस. शिवाय काहींच्या फोनची पाटी काळी असते, तिथं काळी रेघ बुडून जाते. म्हणून चित्राभोवती पांढरी कड ठेवावी लागते. आणि शेवटी ते दिसतं अंगठ्याएवढंच. मिशीचा केस न केस काढून उपयोग काय? इथं अण्णांची भिंत कामाला आली. धावत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. जाड रेघ, तीन रंग, चौथा लागलाच तर विचारून. मी प्रत्येक चित्र भिंतीला लावून दुकानाच्या दारातून बघतो.

वेळ अमावस्येचा पॅक असाच तीन रंगांवर आला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आख्खा लातूर जिल्हा शेतात असतो, जिल्ह्याला सुट्टी असते. कडब्याची कोप, तिच्यात पुजायचे पांडव, बिंदगीच्या मडक्यातली आंबील, भज्जी. बाहेरगावच्यांचा जीव त्या दिवशी सगळ्यात जास्त तुटतो. आंबिलीची वाटी तोंडाला लावणारा माणूस झटक्यात झाला. वाटी खाली आल्यावर मिशीला पांढरं लागलेलं, एवढ्यावर लोक खूश. संध्याकाळी पेटवून फिरवतात त्या हेंडग्यानं मात्र दमवलं. जाळात पिवळे-तांबडे इतके पदर काढले होते की फाइल 500 केबीत बसेना. शेवटी एक पिवळा, एक तांबडा, बाकी अंधार. जाळ उलट जास्त पेटला.

हातानं काढल्यामुळं रेघ प्रत्येक चित्रात जराशी वेगळी पडते आणि सगळं एकत्र फिरवल्यावर थरथरते. एका पुतण्यानं पुण्याहून लिहिलं, "काका, म्हाताऱ्याला थंडी वाजलालीय का?" त्यानं ते संगणकावर गुळगुळीत करूनही पाठवलं. बघितलं. म्हातारा मेणाचा दिसत होता. मी थरथर ठेवली.

एक मागणी मात्र मी पुरी केली नाही. ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की जोडलेल्या हातांची रांग लागते. शुभ सकाळलाही तेच हात, वर्गणी मिळाल्यावरही तेच, आणि मरणालाही तेच. कुणीतरी म्हणालं, दुःखाचं एक आपलं करा. डोळे पुसणारी बाई काढली, बरी काढली होती. पण ती तीन सेकंदांनी परत डोळे पुसते, परत पुसते, आणि चौथ्या फेरीला ते सोंग वाटायला लागतं. ढग परत येतो ते खरं आहे, तंबाखू परत मळली जाते तेही खरं आहे. रडणं असं फेरीनं येत नाही. ते चित्र पॅकमध्ये गेलं नाही. अशा वेळी लोकांनी दोन शब्द लिहावेत, नाहीतर फोन करावा.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं कहर केला. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, नद्या रानात. ग्रुपवर फोटो येत होते, त्यात मध्येच कुणीतरी माझा म्हातारा टाकला. तोच भुवईवरचा हात, तोच ढग. या वेळी सगळे तो ढग उजवीकडं कधी जातो याची वाट बघत होते. तो जायचा आणि लगेच दुसरा यायचा. मी त्यात एक रेघही बदललेली नव्हती.

सध्या पोळ्याच्या पॅकवर बसलोय, आणि बैल काही केल्या चालत नाही. मागचा डावा, पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा असा पायांचा क्रम आहे, तो शेजारच्यांच्या बैलामागून फोन धरून चालत मिळवला. पाय जमले. भांडण लागलं ते रंगावरून. लातूरचा बैल म्हणजे देवणी, यावर एकमत. पण देवणीत बालंक्या, शेवरा आणि वानेरा असे तीन प्रकार आणि प्रत्येकाच्या घरी वेगळा होता. शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके वेडेवाकडे. ते 36 चित्रांत जागच्या जागी ठेवायचे म्हणजे एक ठिपका जरी सरकला तरी बैलाच्या अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. वानेरा बरा, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू तेवढ्या काळ्या. तेवढ्यात नांदेडकडं दिलेल्या आमच्या आत्यानं आवाज पाठवला, "आमचा लाल कंधारी का नाही रे त्यात?" लाल कंधारी सगळा एकाच रंगाचा. म्हटलं, आत्या, तुमचाच आधी करतो.