मेणाचं दार

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना भेटतो तो ओरलच्या आदल्या रात्री, झेरॉक्सच्या फिक्कट अक्षरांत. दोन मार्कांची टीप लिहायची आणि विसरायचं! पण गेल्या मे महिन्यात हीच टीप आमच्या दारात येऊन उभी राहिली.

आमची गाडी जुनी. तिचं मुख्य काम म्हणजे आठवड्यातून दोनदा आजीला कोरेगावहून साताऱ्याला डायलिसिससाठी नेणं. एके दिवशी वाटेतच काटा लाल रेषेला टेकला. आजीला तशा उन्हात एसटीने पुढे न्यावं लागलं. गॅरेजवाले म्हणाले, “हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.” खर्च ऐकून बाबा गप्पच झाले. गाडी विकून टाकायची भाषा सुरू झाली.

मी म्हटलं, “बाबा, मला एक दिवस द्या.” एसटी डेपोतून निवृत्त झालेल्या शेजारच्या नानांना मदतीला घेतलं. नानांचा पहिला नियम : इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की तेच अंगावर उसळतं!

गार इंजिनावर एकेक गोष्ट तपासली. पाण्याची पातळी ठीक, गळती नाही. फॅनला बॅटरीवरून थेट वायर दिली, तो फिरला. ऑइल दुधाळ झालेलं नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. म्हणजे गॅस्केट गेल्याची एकही खूण नाही! मग झाकण लावून इंजिन चालू ठेवलं. काटा चढत गेला, पण रेडिएटरकडे जाणारा वरचा होज गारच. नाना म्हणाले, “पाणी आतच कोंडलंय. दार उघडत नाय.”

ते दार म्हणजे थर्मोस्टॅट. छोट्याशा धातूच्या डबीत मेण असतं. ते तापून वितळतं, फुगतं, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह उघडतो. ना वीज, ना सेन्सर! आमच्यावर ८२ अंश कोरलेले होते. आईच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवलं. पाणी खळखळ उकळलं, तरी हा ढिम्म!

नाना म्हणाले, “काढूनच टाकू. आपल्या उन्हाला हा लागतोय कशाला?” इथे मात्र टीप कामी आली. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन लवकर तापत नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइल घट्ट राहतं, झीज वाढते. नानांना पटलं. नवा आणला, तोही आधी पातेल्यात तपासला. उकळी यायच्या आतच उघडला! जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवलं, कूलंट भरलं, अडकलेली हवा काढली. सगळा खर्च काही शे रुपये.

पुढच्या खेपेला काटा साताऱ्यापर्यंत मधोमध राहिला. मागच्या सीटवरून आजीने विचारलं, “मेणाचं दार? अरे, मग ते उन्हात वितळणार नाही का?”

“आजी, वितळतं म्हणूनच तर उघडतं!”