आझाद मैदानाची दुसरी बाजू

मुंबईच्या आझाद मैदानात आम्ही जात असू ते धरण्यासाठी. कुंपणापलीकडे एकाच वेळी क्रिकेटचे अनेक सामने चाललेले पाहून आम्हाला चीड येई. रिकामटेकड्यांचा खेळ! घरी मुलाची बॅटसुद्धा आम्ही माळ्यावर टाकून दिली होती.

गेल्या हिवाळ्यात धरण्यावर शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध कार्यकर्त्यांनी तिकडे बोट दाखवून विचारले, "पालवणकर बाळू ठाऊक आहेत का?" आम्हाला ठाऊक नव्हते. मग त्यांनी सांगितले. बाळू चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात सामन्याच्या वेळी त्यांना चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तरी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. जातीमुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांनी मिळवले.

सभा संपल्यावर आम्ही कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. एक पोरगा डाव्या हाताने चेंडू वळवीत होता. फलंदाज तीनदा चुकला, चौथ्यांदा त्रिफळा उडाला. आमच्या टाळ्या कधी वाजल्या, कळलेच नाही.

त्याच रात्री माळ्यावरून बॅट खाली आली. आता मुलगा आम्हाला नियम शिकवतो आणि आम्ही त्याला बाळूंची गोष्ट सांगतो.